घट्ट धर, आक्का

आक्का, आज चांगलं उजाडल्यावर मी परसात गेले. तुझा जलदानविधी परवा झाला. पाहुणे काल आपापल्या गावाला गेले. घरात आता विहारातून आणलेल्या सतरंज्या आणि घासायची मोठी पातेली तेवढी उरलीत. कडब्याच्या गंजीमागची आपली जागा तशीच होती, फक्त मधे कुणी झाडली नव्हती. मी पदर खोचला, बैठका काढल्या, जोर काढले, दोरीवरच्या उड्या मारल्या. दम लागला, घाम आला, सगळं रोजच्यासारखं झालं. मग सवयीनं मी उजवा हात पुढे केला, आणि तो तसाच पुढे राहिला.

बैठका एकटीनं काढता येतात. जोर एकटीनं काढता येतात. पण मनगट सोडवायला ते आधी कुणीतरी धरावं लागतं. इतकी साधी गोष्ट, पण तू होतीस तोवर ती माझ्या डोक्यात कधी आली नाही. हात खाली घेऊन मी गंजीला टेकून बसले आणि खूप रडले. घरात रडता आलं नव्हतं. घरात सगळ्यांना चहा लागत होता.

तुला इथं मी 'तू' म्हणतेय, ते कुणाला कळलं तर मला बोलणी बसतील. मी तुझी भावजय. चारचौघांत मी तुला 'अहो आक्का' म्हणायची, तुझ्यासमोर बाजेवर बसायची नाही. पण गंजीमागं गेलं की तुझा हुकूम वेगळा होता. "हितं मला तू म्हन," तू मनगट धरलंस त्या पहिल्याच दिवशी सांगितलंस. "तुम्ही तुम्ही करत कुनाचं बोट मुरगाळता येतं व्हय?" मी लाजून मान खाली घातली तर माझ्या दंडाला चिमटा काढलास. त्या चिमट्यानं माझ्या तोंडून 'अगं आई गं' निघालं, आणि 'अगं' निघालं म्हणून तू खूश झालीस. परसातून घरात येताना मात्र उंबऱ्याशी मी पुन्हा अहो-जाहोवर यायची. आज मी गंजीमागं बसूनच लिहितेय, तेव्हा तूच म्हणते.

तुला मी पहिल्यांदा पाहिलं ते दौंडला. माझे वडील रेल्वेत खलाशी होते. आमच्या क्वार्टरच्या दोरीवर धुणं वाळत घातलं की इंजिनाच्या धुराची काजळी त्यावर बसायची, म्हणून आई वाऱ्याकडे बघून धुणं काढायची. मी शाळेत पळण्यात पहिली यायची आणि सकाळी पोलीस छावणीच्या भिंतीकडेनं पळायचा सराव करायची. तू तिथं तुझ्या मामांकडे राहायला आली होतीस. मामा हवालदार होते, नव्या शिपायांना परेड शिकवायचे. त्यांच्या अंगणात मी एक वेगळंच दृश्य बघितलं. नऊवारी नेसलेली एक बाई मामांचा हात पिरगाळायच्या खटपटीत होती, आणि मामा म्हणत होते, "जोर लावू नको, पोरी, डोकं लाव." मामी शेजारीच बसून शेंगा फोडत होत्या, जसं काही हे रोजचंच.

मी थांबून बघत राहिले. तू मला हटकलंस. "रोज पळतीस ती तूच न्हवं का?"

"हो."

"चांगली पळतीस. पर कुनी धरलं तर?"

"धरायच्या आधीच पळेन की."

तू हसलीस आणि मामांना म्हणालीस, "ऐका, ह्या बाईसाहेबांना कुनी धरूच शकत न्हाई." मला राग आला होता. पण त्या रागापायीच मी दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथूनच पळाले. आपला वाद तिथं सुरू झाला आणि तो अजून मिटलेला नाही. माझं म्हणणं, बाईनं पळावं. तुझं म्हणणं, पळायला आधी मोकळं असावं लागतं.

पुढं मी डी.एड. झाले आणि तूच तुझ्या भावाचं स्थळ घेऊन आमच्या क्वार्टरवर आलीस. "पोरगी पळनारी हाय," तू माझ्या आईला म्हणालीस. आई घाबरलीच. मग तू समजावलंस की शर्यतीत पळणारी. तोवर वडील हसून हसून खोकायला लागले होते.

लग्न होऊन मी शिरूरला आले. तूही मामांचं घर सोडून माहेरी परत आली होतीस आणि इथल्या दवाखान्यात कामाला लागली होतीस. नव्या सुनेनं शिरूरच्या रस्त्यावरून पळायचं म्हणजे गावाला वर्षभराची करमणूक झाली असती. मी पळणं सोडून दिलं. पहिल्या बाळंतपणानंतर माझी कंबर धरली, पाण्याची घागर उचलवेना. तुझ्या डॉक्टरांनी सांगितलं, औषध कशाला, व्यायाम करा. मला एवढं निमित्त पुरलं. मी सकाळी माळवदावर जाऊन जागच्या जागी पळायला लागले. धाब्याचं घर ते. मी वर पळायची आणि खाली आत्याबाईंच्या, म्हणजे तुझ्या आईच्या परातीत, मळलेल्या पिठावर माती पडायची.

"वर कोन जनावर सोडलंय का?" आत्याबाई खालून ओरडल्या. मग त्यांनी ती मातीची भाकरी मुद्दाम माझ्याच ताटात वाढली. मी मुकाट्यानं खाल्ली. तू समोर बसून पदरात हसत होतीस.

गंजीमागची जागा तू शोधलीस. दगड वेचून टाकलेस, शेणकूट हलवलंस, जमीन चोपून घेतलीस. आठवडाभर माझ्याबरोबर बैठका काढल्यास. मग एका सकाळी उड्या संपल्या तरी तू जायला निघेनास. म्हणालीस, "कमळे, अंग तर कमावतीयास. ते राखायचं कुनी?"

"राखायचं म्हणजे?"

"हात दे हिकडं."

मी हात दिला. तू माझं मनगट असं आवळलंस की काकणं रुतली. मी ओढला, हिसका दिला, पुन्हा ओढला. तू हलली नाहीस. "ओढत बसलीस तर संध्याकाळ हुईल," तू म्हणालीस. "चार बोटांकडं ओढू नको. ती चार हायेत. अंगठ्याकडं फिरव. कितीबी मोठा गडी असू दे, त्याचा अंगठा एकलाच असतो." मी मनगट वळवलं, कोपर वर घेतलं आणि हात सुटला. मी पुन्हा पुन्हा करून बघितलं, प्रत्येक वेळी सुटला. शर्यत जिंकल्यावरही मला कधी इतका आनंद झाला नव्हता.

त्या दिवसापासून आपल्या व्यायामाचे दोन भाग झाले. बैठका-जोर हा माझा भाग आणि धरणं-सोडवणं हा तुझा. पहिल्याच झटापटीत माझं एक काकण गेलं. तुकडे पदरात घेऊन घरात आले तर आत्याबाईंचा चेहरा उतरला. सवाष्णीचं काकण फुटलं असंसुद्धा त्या म्हणत नाहीत, काकण वाढलं म्हणतात. त्यांनी तुकडे गोळा केले, परसात पुरले आणि तुला म्हणाल्या, "तुझं झालं ते झालं. माझ्या सुनंला कशाला शिकवतीस?" एरवी एकाला चार ऐकवणारी तू, पण त्या दिवशी गप्प बसलीस. दुसऱ्या दिवशी जुन्या लुगड्याची चिंधी घेऊन आलीस आणि माझ्या काकणांवर घट्ट गुंडाळलीस. नंतर ती चिंधी गंजीत खोचून ठेवायचा आपला रिवाज पडला. ती अजून तिथंच आहे.

तू मला दंड धरला तर काय करायचं ते शिकवलंस, केस धरले तर काय, पदर धरला तर काय. सगळं झालं की पुन्हा मनगटावर यायचीस. मी कंटाळायची. मला मनगट चांगलं येत होतं. पण तुझं समाधान होत नव्हतं. मग तू मला धरायला लावायचीस, आणि मी धरलं की तुझी तक्रार ठरलेली, "घट्ट धर. भांडल्यागत धरू नको, मायेनं धर."

"मायेनं धरलं तर ते सैल होईल ना?"

"न्हाई. मायेनं धरलेलं लई घट्ट असतं. त्येच सोडवायला अवघड."

मी हे तुझं काहीतरी वेडं बोलणं म्हणून सोडून दिलं. तुझी अशी बरीच वाक्यं असायची. दवाखान्यात बाळंतिणींना तू जे काय सुनवायचीस ते ऐकून डॉक्टर दार लावून घ्यायचे.

माझी मात्र एक खोड तुला काही केल्या मोडता आली नाही. पायावर टाच मारायची असायची. तू मागं उभी राहायचीस, मी टाच उचलून तुझ्या पावलावर हाणायची, आणि दुसऱ्याच क्षणी वळून, वाकून तुला नमस्कार करायची. वडीलधाऱ्या माणसाला पाय लागला की वाकायचं, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. मला कळायच्या आत मी वाकलेली असायची.

"वाकू नको," तू ओरडायचीस. "पाय मारून पाया पडतीस? गडी काय आशीर्वाद देनार हाय का?"

"पाय लागला म्हणून झालं."

"लागला न्हाई, मारलास. पुन्यांदा."

पुन्हा टाच, पुन्हा नमस्कार. "वाकू नको." रोज सकाळी ही आरडाओरड. शेजारच्या सखूमावशीनं एकदा आत्याबाईंना विचारलं म्हणे, सूनबाई रोज नणंदेच्या इतक्या पाया का पडते? आत्याबाईंनी तिला काय सांगितलं ते मला आजवर कळलेलं नाही.

आणि मग दौंडचं ते प्रकरण. आठवलं की आजही हसू येतं. आईला भेटून आपण परत निघालो होतो. एष्टीला वेळ होता म्हणून तू टपरीवर चहा सांगायला गेलीस आणि मी ट्रंक घेऊन स्टँडवर थांबले. एक जण बराच वेळ घुटमळत होता. कुठं निघालात, एकट्याच का, चला सोडतो. मी तोंड फिरवलं तर त्यानं सरळ माझा हात धरला. आक्का, मला भीती वाटायला वेळच मिळाला नाही. मनगट आपोआप अंगठ्याकडं फिरलं, हात सुटला आणि माझी टाच त्याच्या पायावर बसली. तो कळवळून मागं सरला. इथपर्यंत तुझी शिकवण. त्याच्यापुढं माझं घराणं. मी वाकून त्याला नमस्कार केला.

तो माणूस असा काही गोंधळला की त्यानंही हात जोडले. मग आजूबाजूच्या लोकांकडे बघत, लंगडत, बाजार पटांगणाच्या दिशेनं निघून गेला. तू दोन्ही हातांत कपबशा घेऊन तिथंच उभी होतीस. हसता हसता तू ट्रंकेवर बसलीस आणि अर्धा चहा माझ्या साडीवर सांडलास.

एष्टी सुटली आणि तुझं हसू संपलं. पार वाटेतल्या न्हावऱ्यापर्यंत तू मला झापत होतीस.

"तुझे हे नमस्कार एक दिवस तुला खड्ड्यात घालतील. हात सुटल्याव पळायचं का वाकायचं?"

"म्हणजे पळायचंच ना शेवटी? मी पहिल्यापासून तेच सांगतेय."

"हात सुटल्याव, कमळे. हात सुटल्याव."

"पण आक्का, नमस्कार सोडला तर तुमच्या पायावर टाच मारायचं बळही माझ्यात येणार नाही. मला माहीत असतं की लगेच वाकून पाया पडता येईल, म्हणून तर मारते."

तू खिडकीकडे तोंड फिरवलंस. खिडकीबाहेर ऊस पळत होता. मग तू म्हणालीस, "बघू. काढू कायतरी तोड." ती तोड निघाली नाही. आपलं ते भांडण न्हावऱ्याच्या पुढं कुठंतरी तसंच राहून गेलं.

पाटसच्या तुझ्या सासरबद्दल तू कधीच बोलली नाहीस. कारखान्यात नवरा कामाला होता, एवढंच मला माहीत. तू तिथून एकटीच निघून दौंडला मामांकडे गेलीस, माहेरी आली नाहीस, हे मी नंतर इकडून तिकडून ऐकलं. माहेरी का आली नाहीस, हे विचारायचं किती वेळा मनात आलं. विचारावंसं वाटलं की नेमकी तू म्हणायचीस, "चल, मनगट." जणू माझ्या तोंडावर आलेलं तुला दिसायचं.

कावीळ तू अंगावर काढलीस. इतरांचे डोळे पिवळे झालेले लांबून ओळखणारी तू, आरशात बघायला तुला सवड झाली नाही. बाजेवर पडलीस तेव्हा उशीर झाला होता. त्या दुपारी मी शेजारी बसले होते आणि तू हात पुढे केलास. मी धरला. मनगट काडीसारखं झालं होतं. मला वाटलं, तू सोडवायला बघशील, म्हणून मी मुद्दाम बोटं सैल ठेवली. तुला तेवढंही कळलं.

"घट्ट धर," तू म्हणालीस.

मी घट्ट धरलं. तू सोडवायचा प्रयत्न केला नाहीस. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तू हात तसाच राहू दिलास. मला खूप काही बोलायचं होतं. तू मला या घरात आणलंस म्हणून इथं माझा जीव रमला, हे सांगायचं होतं. मी सांगितलं एवढंच की दूध तापवून आणते, आणि दुधासाठी उठले.

दुसऱ्या दिवशी घरात बायकांची दाटी झाली. तुला न्हाऊ घालायला आम्ही जागा करत होतो आणि मागं सरकताना माझा पाय तुझ्या पायाला लागला. मी वाकून नमस्कार केला. वाकलेलीच राहिले. कान तुझ्या ओरडण्याकडे होते. तू ओरडली नाहीस. लोक सांगत होते, डॉक्टर सांगून गेले होते, पण तू गेलीस हे मला कळलं ते त्या क्षणी. दोघी-तिघींनी मला उचलून बाजूला नेलं.

आता माझी अडचण ऐक. मी शिकवते त्या शाळेची सुट्टी संपत आली. शाळा उघडली की मला रोज फाट्यावर उतरून उसाच्या कडेनं गावापर्यंत चालत जायचं आहे. तू होतीस तोवर ती वाट मला लांब वाटत नव्हती. सकाळी तू मनगट धरलेलं असायचं आणि त्याचा ठणका शाळेपर्यंत पुरायचा. त्या ठणक्यासोबत मी चालायची. आता हात अगदी मोकळा आहे आणि मला वाटेची भीती वाटायला लागली आहे. मला ही कला विसरायची नाही. विसरले तर तू दुसऱ्यांदा जाशील.

लिहायला बसायच्या आधी तुझ्या भावाला सांगून बघितलं. ते धरतात, पण मी 'आई गं' म्हटलं की लगेच सोडतात. वर मलाच विचारतात, लागलं का? स्वभावानं इतका गरीब नवरा तू माझ्यासाठी शोधलास, आता काय बोलणार? सखूमावशीच्या सुनेला विचारलं. तिनं धरलं, आणि धरल्या धरल्या तिला इतकं हसू फुटलं की आम्ही दोघी खालीच बसलो. शाळेतल्या मोठ्या मुलींना सांगावं तर त्या आपल्या बाईंचा हात देवाचा प्रसाद घ्यावा तसा धरणार. घट्ट धरणारं माणूस मिळत नाही, आक्का. जगात वाईट हेतूनं धरणारे पुष्कळ असतील. मला सोडवायला शिकवण्यासाठी धरणारी तू एकटीच होतीस.

इथपर्यंत लिहिलं आणि कागद मिटून ठेवला होता. काल दुपारी पाहिलं तर गंजीमागं कुणीतरी झाडत होतं. आत्याबाई होत्या. मला वाटलं, झालं, आता इथं गोवऱ्या थापणार. ते गेले दोन दिवस त्यांच्या मनात होतंच. "बास झालं आता ते," असं त्या पाहुण्यांसमोरही म्हणाल्या होत्या. मी तशीच मागं फिरले. ज्यांची लेक गेली त्यांच्याशी कसलं भांडायचं.

आज सकाळी मी पुन्हा गेले. बैठका, जोर, उड्या. मग गंजीतून चिंधी काढली, काकणांवर गुंडाळली आणि कुणी धरणार नाही हे माहीत असून हात पुढे केला. नुसतं हवेत मनगट फिरवून बघावं, एवढाच विचार होता. तेवढ्यात मागून पावलं वाजली आणि आत्याबाई समोर येऊन उभ्या राहिल्या. हाताला पीठ लागलेलं. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही, हाताकडे बघितलं. आणि माझं मनगट धरलं.

आक्का, काय धरलं होतं. जन्मभर जात्याचा खुंटा आणि खुरपं धरलेला तो हात. मला वाटलं, घरात ओढून नेतात. पण त्या जागच्या हलल्या नाहीत.

"ह्योच हात," त्या म्हणाल्या. "ह्याच हातानं तिला पाटसच्या एष्टीत बसवली मी. दर खेपंला. ती यायची, मी चार दिस ठिवायची आन् मनगटाला धरून नेऊन बसवायची. वाटायचं, संसार टिकंल लेकीचा. रडत हुती. पर एकदाबी हात सोडवला न्हाई तिनं. आईचा हाय म्हून."

मायेनं धर, मायेनं धर, असं तू मला कशासाठी सांगत होतीस ते मला तिथं उभ्या उभ्या कळलं. माहेरी न येता तू दौंडला का गेलीस, तेही कळलं. मामांनी तुला इतर काय काय शिकवलं असेल, पण रोज पुन्हा मनगटावर का यायचीस, ते या हातानं सांगितलं. आणि तरी तू याच हाताच्या घरी परत आलीस, त्यांच्या हातची भाकरी खाल्लीस, त्यांना कधी एका शब्दानं दुखावलं नाहीस.

"सोडव," आत्याबाई म्हणाल्या.

मी उभीच. त्या लहान झाल्यासारख्या दिसत होत्या, डोळे सुजलेले, आणि पकड मात्र तसूभर ढिली नाही.

"सोडव म्हनते ना. मला बघायचंय."

मी मनगट अंगठ्याकडं फिरवलं, कोपर वर घेतलं. एकदम सुटलं नाही. पुन्हा जोर केला आणि हात सुटला. आत्याबाई आपल्या रिकाम्या तळव्याकडे बघत राहिल्या. पिठात माझ्या चिंधीचा ठसा उमटला होता.

"आसंच शिकवलं का तिनं?"

"असंच."

"तिला आलं आसतं व्हय मग. माझ्यापासनं बी."

"आलं असतं, आत्याबाई."

त्यांनी पदरानं डोळे पुसले, नाक पुसलं आणि हात पुन्हा पुढे केला. "पुन्यांदा," त्या म्हणाल्या. आम्ही पुन्हा केलं. दंड धरून झाला, पदर धरून झाला. कुठं धरायचं हे त्यांना सांगावं लागत नव्हतं. मग त्या आपण होऊन माझ्या मागं जाऊन उभ्या राहिल्या. माझी टाच आपोआप उचलली गेली आणि त्यांच्या पावलावर बसली. सासूच्या पायावर पाय. मी गर्रकन वळले आणि वाकायला लागले.

"वाकू नको," आत्याबाई ओरडल्या.

अगदी तुझ्यासारख्या, त्याच पट्टीत. चुलीपाशी बसून इतकी वर्षं त्या रोज सकाळी ऐकत होत्या. एकही शब्द त्यांच्या कानांतून सुटला नव्हता.

मी निम्मी वाकले होते, आक्का. तशीच सरळ झाले आणि हात पुढे केला.